लोखंडी फणी आणि पिंजण

दोन वर्षांपूर्वी धुळ्याला आमच्या पिंजारी बिरादरीचा मेळावा भरवायचे ठरले. त्या निमित्ताने एक स्मरणिका काढावी आणि तिच्यात बिरादरीचा थोडक्यात इतिहास द्यावा, असाही विचार पुढे आला. जळगाव जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत आम्ही इतिहास शिकवतो आणि थोडेफार मराठीत लिहितो, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा ते काम आमच्या गळ्यात पडले. चार पाने लिहायची, त्यात काय मोठेसे, असे आम्हाला वाटले होते.

पहिल्याच बैठकीत पहिल्याच ओळीवरून वाद पेटला. आमचे एक चाचा ऐंशीच्या घरातले, हयातभर पिंजण चालवलेले. ते म्हणाले, "लिख बेटा, हम लोग हजरत मन्सूर की औलाद." आमची बिरादरी स्वतःला मन्सुरी म्हणवते ती हजरत मन्सूर हल्लाज यांच्या नावावरून, हे वाचकांना माहीत असेलच. अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. चाचांच्या दृष्टीने यात सिद्ध करण्यासारखे काही उरतच नव्हते. पण तरुणांपैकी एकाने उठून विचारले, "चाचा, याला सनद काय? दीनमध्ये नसलेल्या गोष्टी छापून कशाला ठेवायच्या?" दुसरा त्याहून खट्याळ. तो म्हणाला, "वंश इराणचा लिहायचा आणि तहसील कचेरीत दाखला पिंजाऱ्याचा मागायचा, हे कसे जमायचे?" हशा पिकला. चाचा चहा न घेताच उठून गेले.

साधने गोळा करा, त्यांची छाननी करा, मग लिहा, असे आम्ही बी.एड.ला शिकलो आणि मुलांनाही तेच सांगतो. पण ज्या ओळीवर एका म्हाताऱ्या कारागिराची इज्जत टांगलेली आहे, ती ओळ छाननीत टिकत नाही असे त्याच्या तोंडावर कसे सांगायचे, हे बी.एड.ला कोणी शिकवत नाही. आम्ही कागद गुंडाळून ठेवले.

ते पुन्हा उघडायला लावले एका ख्रिस्ती बिशपने. तो मरूनही सतराशे वर्षे झाली. त्याची आणि आमची गाठ पडली ती भुसावळला.

हिवाळ्याचे दिवस होते. वर्गात साठ-सत्तर मुले, वर खडूची धूळ, त्यामुळे आमचा घसा बसला होता. भुसावळ हे रेल्वेचे गाव. नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेली गोव्याची ख्रिस्ती घरे तिथे आहेत. त्यांतले एक निवृत्त गार्ड आमच्या सासऱ्यांचे जुने शेजारी. आमचा घोगरा आवाज ऐकून ते म्हणाले, "सर, तीन फेब्रुवारी जवळ आली. आमच्या सां ब्राझाचा दिवस. घसा त्याच्याकडे असतो." त्यांचे मूळ गाव जुन्या गोव्यापलीकडे, कुंभारजुव्याच्या बाजूला. त्या दिवशी पाद्री दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून माणसाच्या गळ्याशी लावतात आणि दुआ मागतात, असे त्यांनी सांगितले. आम्ही हसून मान हलवली. दम केलेले पाणी आमच्याकडेही लोक घेतातच. पण मग ते सहज बोलून गेले, की या संताच्या तसबिरीत त्याच्या हातात लोकर विंचरायची लोखंडी फणी असते आणि विलायतेतले लोकरवाले त्याला आपला मानतात. तेव्हा मात्र आमच्यातला पिंजारी जागा झाला.

या संताचे नाव मुलखागणिक बदलते. ग्रीकांचा व्लासिओस, लॅटिनमध्ये ब्लासियुस, पोर्तुगीजांचा ब्राझ, इंग्रजांचा ब्लेझ, क्रोएशियातल्या लोकांचा व्लाहो. आपण संत ब्लेझ म्हणू. तो सेबास्ते शहराचा बिशप होता. हे शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले सिवास. रोमन बादशहा लिसिनियस याच्या अमलात, साधारण इ.स. ३१६ मध्ये, त्याला आपला धर्म न सोडल्याबद्दल ठार मारण्यात आले, असे परंपरा सांगते.

इथेच इतिहासाच्या शिक्षकाची पहिली शंका उभी राहते. इ.स. ३१३ मध्ये याच लिसिनियसने कॉन्स्टंटाइनबरोबर ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य दिले होते. मग तीनच वर्षांत बिशपचा शिरच्छेद कसा? लिसिनियसचे पुढे कॉन्स्टंटाइनशी बिनसले आणि आपल्या पूर्वेकडच्या मुलखात त्याने ख्रिस्ती लोकांना पुन्हा छळले, हे खरे. सिवासमध्येच चाळीस ख्रिस्ती सैनिकांना गोठलेल्या पाण्यात उभे करून मारल्याची हकिकत आहे, तीही त्याच काळातली, साधारण ३२० सालची. तेव्हा घटना अशक्य मुळीच नाही. सालाचा आकडा मात्र फार घट्ट धरू नये.

ब्लेझचे नाव लेखी सापडते ते त्याच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, आणि तेही कुठल्या धर्मग्रंथात नव्हे तर हकिमाच्या पुस्तकात. सहाव्या शतकात आमिदा या गावचा, म्हणजे आजच्या दियारबकरचा, एटियस नावाचा नामांकित वैद्य होऊन गेला. घशात हाड किंवा काटा अडकला तर काय करावे, हे सांगताना तो एक मंत्रवजा उपाय देतो. वैद्याने रोग्याचा गळा धरून काट्याला हुकूम करायचा, की शहीद ब्लेझ सांगतो आहे, वर ये नाहीतर खाली जा. त्याच उपायात हजरत यूनुस माशाच्या पोटातून बाहेर आले त्याचीही याद द्यायची. माशाच्या काट्यावर माशाचीच साक्ष! एवढा मोठा शाही वैद्य, पण काटा निघेना तेव्हा त्यानेही वलीचाच पदर धरला, याची आम्हाला गंमत वाटली.

सविस्तर चरित्र आणखी पुढच्या काळात लिहिले गेले आणि त्यात करामतींचा पाऊस आहे. ब्लेझ आधी हकीम होता, लोकांनी त्याला बिशप केले. छळ सुरू झाल्यावर तो डोंगरातल्या गुहेत जाऊन राहिला. तिथे आजारी जनावरे आपण होऊन त्याच्याकडे येत आणि तो इबादतीत असला तर मुकाट थांबून राहत. सुभेदाराच्या शिकाऱ्यांनी त्याला तिथे पाहिले आणि पकडून नेले. वाटेत एक बाई तिचे पोर घेऊन आली, त्याच्या घशात माशाचा काटा अडकला होता. त्याने हात ठेवताच काटा निघाला. दुसऱ्या एका गरीब विधवेचे एकुलते एक डुक्कर लांडग्याने पळवले होते, ते त्याने परत आणवले. (ही गोष्ट आम्ही शाळेत सांगितली तेव्हा सहकाऱ्यांपैकी एकाने, "बकरी होती म्हणा ना," अशी दुरुस्ती सुचवली. आम्ही नकार दिला. रिवायत आहे तशी सांगावी.) त्याच बाईने पुढे कैदखान्यात त्याला खाणे आणि मेणबत्त्या आणून दिल्या, गळ्याशी धरायच्या दोन मेणबत्त्यांचे मूळ त्यातच सांगतात. शेवटी सुभेदाराने लोखंडी फण्यांनी त्याचे अंग ओरबाडले आणि शिर उडवले.

दाते असलेल्या लोखंडी आकड्यांनी अंग फाडणे ही रोमन कैदखान्यांतली नेहमीची सजा होती. चरित्रकाराने लिहिताना तीच डोळ्यांपुढे ठेवली असावी. पण लोकर विंचरणाऱ्या कारागिरांनी ते चित्र पाहिले आणि त्यांना त्यात स्वतःची फणी दिसली. रोज ज्या हत्याराने पोट भरते, त्याच हत्याराने हा माणूस शहीद झाला, म्हणजे हा आपला. एवढ्यावरून युरोपातल्या लोकरवाल्यांनी त्याला आपला पीर केला. ब्लेझने जन्मात कधी लोकर विंचरली, असे त्याचे चरित्रही म्हणत नाही.

हे वाचले तेव्हा आम्हाला चाचा आठवले.

पण चाचांकडे परत जाण्याआधी हा संत आपल्या मुलखापर्यंत कसा आला ते सांगितले पाहिजे. त्या वाटेवर मुसलमानांचा इतिहास जागोजाग भेटतो.

सिवास पुढे सेल्जूक तुर्कांच्या ताब्यात गेले. १२१७ मध्ये सुलतान इज्जुद्दीन कैकाऊस याने तिथे मोठा दारुश्शिफा, म्हणजे इस्पितळ, बांधला. सुलतानाची कबरही त्याच इमारतीत आहे. हकीम बिशपच्या गावात नऊशे वर्षांनी सुलतानाने दवाखाना उभारावा, हा योगायोगच. १२७१ मध्ये याच शहरात तीन देखणे मदरसे उभे राहिले. त्याच वर्षी मार्को पोलो पूर्वेकडे निघाला आणि त्याच्या प्रवासवर्णनात सिवासची ओळख काय, तर संत ब्लेझ शहीद झाला ते शहर. म्हणजे मुसलमानी राज्य येऊन दोनशे वर्षे होत आली तरी ती आठवण जिवंत होती. मधल्या काळात त्याचे अवशेष मात्र दूरदूर पांगले होते.

त्यांतले मस्तक म्हणून जे मानतात, ते पोहोचले ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या दुब्रोवनिकला. हे शहर आज क्रोएशियात आहे. जुने नाव रागुसा. तिथली रिवायत अशी, की इ.स. ९७२ मध्ये व्हेनिसची गलबते पाणी भरण्याच्या निमित्ताने बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. रात्री एका पाद्रीला एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध दिसला. तो म्हणाला, मी ब्लेझ, हे लोक हल्ला करणार आहेत, दरवाजे लावून घ्या. शहर वाचले आणि तेव्हापासून शहराचा धनी ब्लेझ. नाण्यांवर तो, झेंड्यावर तो, वेशीवर तो. तिथल्या त्याच्या पुतळ्याच्या एका हातात अख्ख्या शहराची छोटी प्रतिकृती असते. आपल्या खानदेशच्या वाचकाला हे नवल वाटायचे कारण नाही. आपल्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी राजधानी वसवली तिला बुऱ्हाणपूर नाव दिले ते खुलताबादला झोपलेल्या हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांचे, आणि पलीकडच्या काठावरचे जैनाबाद त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराझी (रह.) यांच्या नावाचे. वलीच्या ओंजळीत शहर ठेवायची रीत दोन्हीकडे.

दुब्रोवनिक हे चिमुकले व्यापारी प्रजासत्ताक. आसपास सगळा उस्मानी सुलतानाचा मुलूख. लढून निभाव लागणार नाही हे ओळखून त्यांनी खंडणी कबूल केली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून दरवर्षी साडेबारा हजार सोन्याची नाणी घेऊन त्यांचे वकील इस्तंबूलला जात. या खंडणीला त्यांच्या भाषेत 'हराच' म्हणतात. आपल्या ओळखीचा 'खराज' तो हाच. त्या बदल्यात त्यांच्या जहाजांना सुलतानाच्या बंदरांत मोकळीक होती. ज्या झेंड्यावर ख्रिस्ती बिशप रंगवलेला, तो झेंडा खलिफाच्या हुकमतीत सुखरूप फिरत होता. धर्मयुद्धांच्या गोष्टी पाठ्यपुस्तकात रंगवून सांगितल्या जातात, ही गोष्ट कुठे येत नाही म्हणून मुद्दाम सांगितली. हे प्रजासत्ताक बुडवले १८०८ मध्ये, आणि तेही सुलतानाने नव्हे, फ्रेंचांनी.

त्या शहरात ३ फेब्रुवारीचा सण आजही होतो. अवशेषांची मिरवणूक निघते, खेड्यापाड्यांतले लोक आपापली निशाणे घेऊन येतात, गळ्याला मेणबत्त्या लावल्या जातात. आपल्याकडचा संदल डोळ्यांपुढे आणावा. २००९ मध्ये युनेस्कोने या सणाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. पण आम्हाला त्याहून मोलाची वाटली ती तिथली एक जुनी रीत. सणाच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस 'ब्लेझची मोकळीक' म्हणून पाळले जात. हद्दपार केलेला, कर्जात बुडालेला, गुन्हेगार, कोणीही त्या दिवसांत शहरात यावे, घरच्यांना भेटावे. त्याला कोणी पकडायचे नाही. मुदत संपण्याआधी त्याने निघून जायचे. म्हणजे संताच्या नावाने अमान. काट्याच्या करामतीबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण एखादा कर्जबाजारी बाप वर्षातून चार दिवस आपल्या पोरांत बसू शकत होता, ही करामत सरकारी कायद्यात लिहिलेली आहे.

आता गोवा. पोर्तुगीज दर्यावर्दी संताच्या दिवसावरून जागेला नाव देत. बार्तोलोमेव दियाश आफ्रिकेचे टोक वळून ३ फेब्रुवारी १४८८ रोजी ज्या उपसागरात पोहोचला, त्याला त्याने ब्राझाचे नाव दिले. तिथल्या एका भूशिराला आजही संत ब्लेझचेच नाव आहे. पुढे दहा वर्षांत तीच वाट धरून ते आपल्या किनाऱ्याला लागले. जुन्या गोव्याकडून कुंभारजुव्याला जाताना गवंडाळी गाव लागते, तिथे सां ब्राझचे चर्च आहे, मूळचे सोळाव्या शतकातले. ते दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांनी उभारले, अशी परंपरा आहे. अलीकडच्या काळात ती कथा क्रोएशियापर्यंत पोहोचली आणि तिकडचे लोक आपला व्लाहो पाहायला इकडे येऊ लागले. हे चर्च दुब्रोवनिकच्या चर्चची हुबेहूब नक्कल आहे असेही कौतुकाने लिहिले जाते. तेवढे मात्र जरा जपून घ्यावे. दुब्रोवनिकचे आजचे चर्च १७०६ च्या आगीनंतर बांधायला घेतले आणि १७१५ मध्ये पुरे झाले. गवंडाळीचे त्याहून दीडशे वर्षे जुने. नक्कल असलीच तर जळून गेलेल्या चर्चची असेल. चांगल्या गोष्टीला एक खोटे टाचण लावायची हौस सगळ्या धर्मांत सारखीच.

मे महिन्याच्या सुटीत घरच्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो. दार बंद होते. लहानसे पांढरे चर्च, उन्हात चिडीचूप. जवळच कुंभारजुव्याची खाडी, तिच्यात मगरी आहेत म्हणतात. एके काळी त्या पाण्यापलीकडे आदिलशाही सुरू व्हायची. बेगमने विचारले, "इथे आपले लोक होते का?" या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे आम्हाला बरे वाटले नाही. होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि पुढचे काही दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल चालली. बाया-मुलेही सुटली नाहीत. अल्बुकर्कने स्वतःच राजाला पत्र लिहून हे अभिमानाने कळवले. तो दिवस संत कॅथरिनचा, म्हणून गोव्याचे मोठे चर्च तिच्या नावाने बांधले गेले. ज्या जहाजांतून तोफा आल्या त्याच जहाजांतून संतही आले.

म्हणून आम्ही बंद दारापुढे उभे राहिलो तेव्हा मन अगदी स्वच्छ होते असे म्हणणार नाही. सिवासच्या त्या बिशपला हुकूमतीने मारले आणि बाराशे वर्षांनी त्याचे नाव हुकूमतीच्या पाठोपाठ आमच्या किनाऱ्यावर आले. भुसावळच्या गार्डकाकांपर्यंत पोहोचला तो मात्र तोफांवाला ब्राझ नव्हता. त्यांच्या आईने लहानपणी घटसर्पाच्या साथीत ज्याच्यापुढे मेणबत्ती लावली तो होता. दोन्ही खरे आहेत. एक सांगून दुसरे लपवायचे नाही, एवढेच आम्ही बेगमला म्हणालो. तिला ते फारसे पटले नाही. आम्हीही ते नेटके सांगू शकलो नाही.

आता ज्या धाग्याने आम्ही या संताकडे ओढलो गेलो त्या फणीकडे वळू. इंग्लंडात ब्रॅडफर्ड हे लोकरीचे शहर. तिथे दर सात वर्षांनी बिशप ब्लेझची मिरवणूक निघे. शेवटची मोठी मिरवणूक ३ फेब्रुवारी १८२५ ची. घोड्यावर बिशपचे सोंग, मागे मालक, व्यापारी, आणि लोकरीचे टोप घातलेले फणीवाले कारागीर, सगळे एकत्र चालले. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच फणीवाल्यांनी आणि विणकरांनी मजुरी वाढवून मागितली. मालकांनी नाकारली. संप झाला, नोव्हेंबरपर्यंत चालला, घरोघर फाके पडले आणि शेवटी कारागीर हरले. मिरवणुकीत बरोबर चालणारा मालक दाण्याच्या वेळी बरोबर नसतो. त्यानंतर तशी मिरवणूक पुन्हा निघाली नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत लोकर विंचरायची यंत्रे आली आणि हातफणीचा धंदाच उठला.

१८६७ मध्ये ब्रॅडफर्डच्या लोकर बाजाराची भव्य इमारत पुरी झाली. तिच्या दाराशी बिशप ब्लेझचा पुतळा बसवला. तोवर फणीवाला उरलाच नव्हता; उरला तो त्याचा पीर, आणि तोही मालकांच्या दारात. पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत त्याच शहराच्या लोकर गिरण्यांत रात्रपाळी करायला माणसे मिळेनात, तेव्हा मीरपूरकडचे आणि पंजाबचे मुसलमान तिथे गेले. रात्रभर लोकर विंचरायच्या यंत्रांवर उभे राहणारे ते हात आमच्याच बिरादरीच्या हातांसारखे. त्यांतला एखादा पहाटे घरी परतताना त्या दाराशी थबकला असेल आणि फणीवाल्या म्हाताऱ्याकडे त्याने पाहिले असेल, असे आमच्या मनात येते.

आमच्याकडे हे सगळे शंभर-सव्वाशे वर्षांनी घडले. आमचे दादा पिंजण खांद्यावर टाकून पावसाळा सरला की खेडोपाडी निघत. तांतीवर दस्ता पडला की 'धुंग धुंग' असा आवाज गल्लीभर घुमे आणि बायका जुन्या गाद्या ओसरीवर काढून ठेवत. खानदेशच्या काळ्या मातीत कापूस अमाप, त्यामुळे काम तुटत नसे. आम्ही लहान असताना त्यांच्या शेवटच्या फेऱ्या पाहिल्या. मग विजेवर चालणारी कापूस पिंजायची मशीन आली, पाठोपाठ फोमच्या गाद्या आल्या. दादांच्या छातीत आयुष्यभराची रुई साठली होती. शेवटची दोन वर्षे ते खोकतच होते. हल्लाजांची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज सुधारायचा. हजरत मन्सूर एका कापूसवाल्याच्या दुकानावरून चालले होते, त्यांनी नुसता इशारा केला आणि सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे झाली. ही हकिकत शेख फरीदुद्दीन अत्तार यांच्या तज्किरतुल औलियात आहे. दादांना अत्तार ठाऊक नव्हते. पिंजण्याआधी सरकी काढायला किती तास जातात हे त्यांना ठाऊक होते.

गंमत अशी, की इतिहासाच्या कसोटीला हल्लाज ब्लेझपेक्षा फार भक्कम उतरतात. जन्म साधारण ८५८ चा, फार्स प्रांतातला. बगदादेत वर्षानुवर्षे कैद, मग खटला, आणि ९२२ मध्ये सुळी. त्यांच्या मुलाने सांगितलेल्या हकिकतीसुद्धा उतरल्या आहेत. फ्रेंच पंडित मासिन्यों याने उभी हयात त्यांच्या शोधात घालवली. नाही सापडत तो एकच दुवा, बगदादपासून खानदेशच्या पिंजाऱ्यापर्यंतचा. खुद्द 'हल्लाज' या नावाचेही दोन अर्थ लावतात. कोणी म्हणतात धंदा पिंजण्याचा होता. कोणी म्हणतात मनातली गुपिते पिंजून काढत, म्हणून हल्लाज.

मग आम्ही कागद पुन्हा उघडले आणि लिहिले: 'पिंजाऱ्यांनी हजरत मन्सूर हल्लाज यांना आपले मानले. रक्ताचे नाते सांगणारा कागद नाही. नाते हत्याराचे आहे. विलायतेतल्या लोकरवाल्यांनीही असेच एका शहीद बिशपला आपले केले होते.' खाली ब्लेझची हकिकत सहा ओळींत दिली.

तरुणांच्या गटाने बिशपवर हरकत घेतली. बिरादरीच्या इतिहासात पाद्री कशाला? आम्ही म्हटले, तो काढला तर मन्सूरसाहेबांच्या जागी पुन्हा चाचांची ओळ टाकावी लागेल. हा सौदा त्यांनी नाइलाजाने मान्य केला. दाखल्याचा प्रश्न विचारणारा मात्र खुशीत होता. हत्याराचे नाते म्हटल्यावर पिंजाऱ्याचा दाखला आणि मन्सुरी आडनाव एकाच कागदावर बसत होते.

चाचांना मजकूर वाचून दाखवायला आम्ही स्वतः धुळ्याला गेलो. 'रक्ताचे नाते सांगणारा कागद नाही' इथे आमचा आवाज जरा खाली गेला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. बिशपचा भाग आला तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून थांबवले.

"कंघी कैसी थी उसकी? दांत कितने?"

आम्ही मोबाइलवर जुन्या विलायती फण्यांचे चित्र काढून दाखवले. लाकडी मुठीत एकामागे एक ओळींनी बसवलेले लांब पोलादी दाते. लोकरीला तेल लावून, फणी कोळशाच्या भट्टीवर तापवून चालवत, हेही सांगितले. चाचांनी चित्र डोळ्यांजवळ धरले, बराच वेळ पाहिले, अंगठ्याने दात्यांवरून बोट फिरवावे तसा काचेवरून अंगठा फिरवला.

"ऊन को गरमी लगती," ते म्हणाले. "रुई को नहीं लगती." आणि आतल्या खोलीकडे बघून त्यांनी चहा टाकायला सांगितले.